टाकी हिरवी का झाली?

मे महिन्यात दापोऱ्याला गेलो, तर शेतावरच्या पोहण्याच्या टाकीभोवती मुलं हिरमुसून बसलेली. पाणी हिरवं आणि काकांची सक्त मनाई. "क्लोरीनच्या गोळ्या नेमाने टाकतोय, तरी शेवाळ जात नाही," चुलतभाऊ वैतागला होता. पट्टी बुडवून पाहिली, तर क्लोरीन ३ पीपीएम. म्हणजे औषध होतं, पण गुण येत नव्हता.

कारण गोळीतच होतं. टीसीसीए नावाच्या या गोळीतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते हवंच, त्याच्याशिवाय आपल्या उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातं. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते क्लोरीनची छत्री असतं. पुढे मात्र ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की जंतू आणि शेवाळ मारण्याचं काम मंदावतं. क्लोरीन रोज खर्च होतं, स्टॅबिलायझर मात्र साठत जातं. ऊन पाणी नेतं, स्टॅबिलायझर मागेच ठेवतं.

हिशेब सोपा आहे. आमची टाकी १५ बाय १० फूट, पाणी ४ फूट, म्हणजे सुमारे १७,००० लिटर. २०० ग्रॅमची एक गोळी त्यात साडेसहा पीपीएम स्टॅबिलायझर वाढवते. आठवड्याला दोन गोळ्या धरल्या, तर दोन महिन्यांत शंभरी पार! क्लोरीन साधारण स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी लागतं. शंभराला साडेसात, आणि आमच्याकडे होतं तीन.

हे मोजायची चाचणी वेगळी असते. औषध घातलं की पाणी दुधाळ होतं; नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. आमचा आकडा शंभरावर निघाला.

घरगुती टाकीत यावर खात्रीचा उपाय एकच : पाणी बदलणं. निम्मं काढलं की आकडा निम्मा. पण भर उन्हाळ्यात, केळी तहानलेली असताना, साडेआठ हजार लिटर ओतायचं? ज्या बुऱ्हाणपुरात १६१५ साली खानखानाच्या काळात कुंडी भंडारा खोदून जमिनीखालून, नुसत्या उतारावर पाणी आणलं, तिथल्या माणसाला हे जड जाणारच. काका गप्प झाले. शेवटी गोळ्या थांबवल्या, क्लोरीन शून्यावर येऊ दिलं आणि ते पाणी केळीला न देता बांधावरच्या कडुनिंबांना सोडलं.

आता रोज संध्याकाळी दहा टक्क्यांचं द्रव क्लोरीन, साधारण अर्धा लिटर. त्याने स्टॅबिलायझर वाढत नाही. ते थोडं थोडंच आणायचं आणि सावलीत ठेवायचं, कारण उन्हाने त्याचा जोर ओसरतो. गोळ्या फक्त गावाला जाताना. आणि एक पक्कं लक्षात ठेवा : गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एका डब्यातसुद्धा नाही; स्फोट होऊ शकतो.

चार-पाच दिवसांत तळाची फरशी दिसू लागली. मुलांच्या आधी काकाच पाण्यात उतरले!