विम्याचा हप्ता वाया जातो का? सहा कामगारांच्या वर्कशॉपचं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत विम्याचे आकडे पटापट सांगितले. इथे तेच निवांत मांडतो. ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, पाच वर्षं हप्ता भरला, काहीच झालं नाही. पैसे वायाच गेले ना?" याचं उत्तर देण्याआधी हप्ता ठरतो कसा ते बघू.

हप्त्यात शक्यता दडलेली असते

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुम्हाला माहीत असेल. वर्षाला २० रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू झाला तर २ लाख रुपये. आता साधा भागाकार करा. १०,००० लोकांनी २०-२० रुपये भरले की २ लाख जमतात, म्हणजे एका दाव्याचे पैसे. वर्षाला १०,००० जणांमागे एकापेक्षा जास्त दावे यायला लागले, तर पेटी रिकामी होते.

जीवन ज्योती योजनेतही रक्कम २ लाखच, पण हप्ता ४३६ रुपये. का? तिथे मृत्यूचं कारण फक्त अपघात नाही, आजारपणही चालतं. म्हणजे शक्यता जास्त, म्हणून हप्ता जास्त. २०२२ च्या जूनमध्ये हे हप्ते १२ वरून २० आणि ३३० वरून ४३६ झाले, कारण जमा हप्त्यांपेक्षा दावे जास्त येत होते. अंदाज चुकला की हप्ता बदलतो. विम्याचा धंदा असाच चालतो.

कंपनीला जमतं, ते आपल्याला का जमत नाही?

समजा, तुमच्यासारख्या वर्कशॉपमध्ये एका वर्षात मोठा अपघात व्हायची शक्यता ५०० त १ आहे. (हा आकडा फक्त गणितासाठी धरलाय.) कंपनीकडे अशी १ लाख वर्कशॉप असतील, तर वर्षाला साधारण २०० अपघात धरायचे. प्रत्यक्षात कधी १८५ होतील, कधी २१५. पण २० किंवा ८०० होणं जवळपास अशक्य. संख्या मोठी झाली की सरासरी स्थिर होते. याकोब बर्नुली या गणितज्ञाने हे सिद्ध केलं आणि १७१३ मध्ये ते छापून आलं. याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात.

तुमच्याकडे वर्कशॉप किती? एक. म्हणजे तुमच्यासाठी सरासरी नावाची गोष्टच नाही. एक तर शून्य, नाहीतर पूर्ण फटका.

फटका केवढा असतो?

कामावर असताना, कामामुळे कामगाराला अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. १९२३ च्या कायद्यापासून हे तत्त्व चालत आलंय. मृत्यू झाला तर हिशोब असा: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८. पगार १५,००० धरला तर ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये.

सहा कामगारांच्या वर्कशॉपमधून साडेपंधरा लाख एकदम काढायचे म्हणजे मशीन विकायची, नाहीतर घर गहाण टाकायचं. आणि त्या कामगाराच्या घरच्यांना तर पैसे लगेच हवे असतात.

आता वरचीच शक्यता धरा. १५,५९,८५० भागिले ५०० म्हणजे वर्षाला सुमारे ३,१२० रुपये. ही झाली धोक्याची शुद्ध किंमत. यावर कंपनी आपला खर्च आणि नफा लावते. म्हणून सरळ सांगतो, सरासरीने पाहिलं तर विमा थोडा तोट्याचाच सौदा आहे. पण धंदा सरासरीने बुडत नाही, एका फटक्यात बुडतो. तो फटका आपल्या डोक्यावरून उतरवण्याचे पैसे आपण देतो.

धोका पगारातही दिसतो

ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की काम जितकं कष्टाचं आणि नकोसं, तितकी मजुरी जास्त द्यावी लागते. धोक्याचंही तसंच. पॉवर प्रेसला गार्ड नाही हे कळलं की चांगला ऑपरेटर एकतर जास्त पगार मागतो, नाहीतर शेजारच्या गाळ्यात जातो. म्हणजे गार्डचा खर्च तुम्ही वाचवत नाही, तो दर महिन्याला पगारातून किंवा नवीन माणूस शिकवण्यातून भरता.

आणि विमा काढला म्हणून गार्ड काढून ठेवू नका! पैसे कंपनी देईल, पण गेलेला हात कोणी परत देत नाही.

मग काय करायचं?

१. लहान आणि वारंवार होणारं नुकसान, उदा. ड्रिलचे बिट तुटणं, मोटर जळणं. याला विमा नको. महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका.

२. क्वचित होणारं पण बुडवणारं नुकसान, उदा. आग, कामगाराचा अपघात. याला विमा हवाच.

३. १० किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय बघा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. त्याहून कमी माणसं असतील तर कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. बाजारात तिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात.

४. फॉर्ममध्ये कामाचं स्वरूप, माणसं आणि पगार खरे लिहा. वेल्डरला हेल्पर दाखवून हप्ता कमी कराल, पण दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येईल.

आज रात्री वही काढा. आपल्या धंद्यात होऊ शकणारी पाच नुकसानं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाका: हे उद्या झालं तर परवा शटर उघडेल का? जिथे उत्तर "नाही" येईल, तिथे पाच वर्षं काही न होता भरलेला हप्ता वाया गेलेला नसतो. त्या पाच वर्षांत तुम्ही निर्धास्त झोपलेले असता.