एकच ग्रंथ, दोन पंचांगें

इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडच्या पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली, व ती त्यांनीं 1909 सालीं छापून प्रसिद्ध केली. आज अशा छापील ग्रंथाच्या पानांचीं छायाचित्रें संगणकांत ठेवलीं, कीं अंबाजोगाईचा विद्यार्थी आणि शिकागोचा मराठी गृहस्थ तीं एकाच क्षणीं वाचूं शकतात. राजवाडे 1926 त वारले. त्यांच्या लेखनावरील हक्क येथें केव्हांच संपला, अमेरिकेंतहि 1909 चें पुस्तक मोकळें आहे. पण प्रत्येक ग्रंथाचें नशीब इतकें सरळ नसतें.

आपला 1957 चा कायदा ग्रंथकाराच्या मृत्यूपासून वर्षें मोजतो. पूर्वीं तीं 50 होतीं. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपण्याची वेळ आली तेव्हां, 1992 सालीं, तीं 60 झालीं. अमेरिका मात्र जुन्या ग्रंथांस प्रकाशनापासून 95 वर्षें देते. साने गुरुजी 1950 त निवर्तले, म्हणून 1935 ची ‘श्यामची आई’ भारतांत 1 जानेवारी 2011 पासून सर्वांची झाली. अमेरिकेंत मात्र तिच्यावरील हक्क 2030 अखेरपर्यंत टिकतो. कारण 1996 च्या आरंभीं ती येथें हक्काखालीं होती, आणि अशा परदेशी पुस्तकांस अमेरिकेनें आपली पूर्ण मुदत बहाल केली.

आतां उलट प्रकार पाहा. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड पुण्यास 1930 सालीं निघाला. अमेरिकेंत तो 1 जानेवारी 2026 पासून मोकळा. पण काणे 1972 त वारल्यामुळें भारतांत 2032 संपेपर्यंत हक्क कायम! पुण्याचा ग्रंथ शिकागोस खुला आणि अंबाजोगाईस बंद, असा हा चमत्कार आहे.

अमेरिकन ग्रंथालयांच्या हाथी ट्रस्ट या संयुक्त भांडारांत वाचक कोणत्या देशांतून आला हें पाहून पुस्तक उघडतें. त्यांत ग्रंथपालाचा दोष नाहीं. त्यास दोन्ही कायदे सांभाळावयाचे असतात. खरी अडचण लहान लेखकांची आहे. काण्यांचें मृत्युवर्ष कोणीहि सांगेल. पण तालुक्याच्या गांवीं एखादें व्याकरण वा चरित्र लिहून गेलेल्या मास्तरांचें कोण सांगणार? तें ठाऊक नसलें, कीं हक्क कदाचित् संपला असूनहि पुस्तक सावधगिरीनें बंदच राहतें.

2012 च्या दुरुस्तीनें सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या जवळच्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठीं ठेवतां येते. ती जगास वाटण्याची मुभा मात्र त्यांत नाहीं. तेव्हां अशा लेखकांच्या घरच्या मंडळींनीं मृत्युवर्ष कळवावें आणि ग्रंथालयानें तें सूचींत नोंदवावें, एवढें तर आजच होण्याजोगें आहे.