वाट चुकलेला जंत

श्रावणात हातकणंगल्याहून वडगावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंचा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. अशाच एका उसाच्या आडोशाला, पत्र्याच्या शेडमध्ये, लाल घोडी बांधली होती. लग्नसराईत वरातीला जाणारी, पावसाळाभर घरी बसून खाणारी. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली तिला रुपयाएवढी जखम होती. लालभडक, ओली, कडा वर आलेल्या. घोडी दर दोन मिनिटांनी मान खाली घालून ती जखम स्वतःच्याच पुढच्या पायाच्या गुडघ्यावर घासायची. घासली की रक्त यायचं आणि रक्त आलं की माश्या.

"गेल्या साली पण हितंच झालतं," घोडीवाले मामा म्हणाले. "दिवाळीला आपसूक बसलं. पाऊस आला की परत फुटतंय बघा."

मी खाली वाकून पाहिलं. जखमेच्या मांसात पिवळट, कडक कण रुतलेले होते, जोंधळ्याच्या कण्यांसारखे. पावसाबरोबर उघडणारी, थंडीबरोबर मिटणारी आणि आत कण्या असलेली ही जखम म्हणजे एका विलक्षण प्रवासाचा चुकलेला शेवट असतो. त्या प्रवासाचा पहिला धागा सापडला तो आपल्याच मुंबईत.

उत्तरेकडच्या घोडेवाल्यांनी या जखमेला नाव ठेवलं होतं 'बरसाती'. इंग्रजी फौजेच्या पशुवैद्यांनी ते मोतद्दारांच्या तोंडून उचललं आणि आपल्या अहवालांत तसंच लिहिलं. फौजेची कितीतरी घोडी या जखमांनी पावसाळ्यात निकामी व्हायची आणि कारण कुणालाच उमगत नव्हतं. कुणी म्हणायचं रक्त बिघडलं, कुणी म्हणायचं कॅन्सर, कुणी बुरशी.

इकडे मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा फौजेतला डॉक्टर होता. त्याच काळात मुंबईत आणखी एक डॉक्टर एच. कार्टर होता, 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर. दोघांची गल्लत नेहमी होते. आपला कार्टर तो नव्हे. आपल्या कार्टरला समुद्रातल्या स्पंजांपासून मुंबईच्या खडकांपर्यंत सगळ्याचं वेड होतं. या माणसानं साध्या घरमाशीचं डोकं फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि तिच्या सोंडेत त्याला वळवळणारे जंत दिसले. १८६१ मध्ये त्यानं ते छापून प्रसिद्ध केलं. दर तीन माश्यांमागे एका माशीत जंत होते, कधी दोन, कधी वीस आणि त्याहूनही जास्त. त्यांतले बहुतेक सोंडेतच गोळा झालेले.

ती मुंबई डोळ्यांसमोर आणली की हा आकडा अंगावर येतो. बग्ग्या, टांगे, रिसाल्यांचे तबेले, गल्लोगल्ली लिदीचे ढीग. मिठाईवर बसणाऱ्या माश्यांपैकी दर तिसऱ्या माशीच्या तोंडात हे प्रवासी. ते कुठून आले आणि कुठं निघालेत, हे मात्र कार्टरला कळलं नाही. त्यानं जंताला माशीचंच नाव दिलं.

उत्तर मिळायला पन्नास वर्षं लागली. १९११ मध्ये अमेरिकेत ब्रेटन रॅन्सम या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की कार्टरचा हा जंत वयात येतो तो घोड्याच्या जठरात. आज त्याला हॅब्रोनेमा म्हणतात, पण शास्त्रीय नावाच्या पुढे 'कार्टर, १८६१' अजूनही लिहिलं जातं.

आता त्याचा प्रवास पाहा. जठराच्या अस्तराला चिकटून एक-दोन सेंटिमीटरचे जंत राहतात. त्यांची अंडी आणि अळ्या लिदीबरोबर बाहेर पडतात. ताज्या लिदीवर माशी अंडी घालते. त्यांतून माशीचे किडे निघतात, लीद खातात आणि लिदीबरोबर जंताच्या अळ्याही गिळतात. माशीचा किडा वाढतो तशी त्याच्या आत जंताची अळीही वाढते. किड्याचा कोश होतो, तरी अळी आतच. आठ-दहा दिवसांनी कोशातून माशी बाहेर पडते, त्याच सुमाराला अळीही पुढच्या प्रवासाला तयार झालेली असते. या दोन जिवांची घड्याळं एकमेकांना कशी जुळली असतील, या विचारानं मी आजही थक्क होतो. मग ही दोन-तीन मिलिमीटरची अळी माशीच्या डोक्यात सरकते, तिथून सोंडेत उतरते आणि थांबते.

थांबते ती उबेसाठी. माशी गुळाच्या ढेपेवर बसली, भिंतीवर बसली, तरी अळी हलत नाही. माशी घोड्याच्या ओठावर किंवा नाकपुडीच्या ओल्या कडेवर बसली की सोंडेला ऊब आणि ओल एकदम लागते, आणि अळ्या सोंडेचं टोक फोडून बाहेर येतात. घोडा जीभ फिरवतो आणि त्या पोटात जातात, आपल्या घरी. तिथं बहुतेक वेळा त्यांचा फार त्रासही होत नाही.

पण ऊब आणि ओल ओठांखेरीज आणखी कुठं असते? डोळ्याच्या पाणावलेल्या कोपऱ्यात आणि दावं घासून सोललेल्या जागी. तिथं माशी बसली की अळीला वाटतं, आलं मुक्कामाचं ठिकाण. ती जखमेत शिरते. इथून जठराकडे जाणारा रस्ता नाही आणि मागे फिरायलाही रस्ता नाही. ती कधीच वयात येत नाही. मांसात भटकत मरते, आणि मरता मरता घोड्याच्या शरीराला चिथावून जाते. शरीर तिच्यावर तुटून पडतं, तिच्याभोवती मांस चढवतं, मेलेल्या अळीला कडक कणात कोंडून टाकतं. मामांच्या घोडीच्या जखमेत मी पाहिलेल्या कण्या त्याच. एवढ्या युद्धातून खाज उठते, घोडा घासतो, जखम उघडी राहते, पुन्हा माशी बसते आणि नवी अळी उतरते.

पावसाळ्याशी गाठ आहे ती माश्यांमुळे, आणि दावणीमुळेही. पाऊस पडला की घोडं बांधलं जातं. आपल्याकडची ही रीत फार जुनी. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला बसत. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत महाराजांची नजर गेली होती. शेकडो घोडी चार महिने एका जागी, लिदीचे ओले ढीग, जिनानं सोललेल्या पाठी. पत्रात माश्यांबद्दल नसेल, पण त्या छावणीत त्यांचं काय राज्य असेल हे मला हातकणंगल्याच्या त्या एका शेडमध्ये उभं राहून कळलं.

शेडमध्ये तासभर बसलं तर घोडं स्वतःच सांगतं की त्याला छळणारं कोण आहे. माशी पाठीवर किंवा कुशीवर बसली की घोडीनं तेवढीच कातडी थरथरवली आणि माशी उडाली. कातडीखाली त्यासाठी खास स्नायूचा पातळ थर असतो. पण हा थर धडाला पुरतो, पायांना पुरत नाही. आणि घरमाशीसारखीच दिसणारी, पण सुईसारख्या टोकदार सोंडेनं रक्त पिणारी एक माशी नेमकी पायांनाच डसते. म्हणून घोडी सारखा पाय आपटत होती. हॅब्रोनेमाच्या एका भावाला हीच चावरी माशी वाहून नेते. तिला लिदीपेक्षा मूत मुरलेलं, कुजलेलं गवत आवडतं.

आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून केस झडले असतील तर संशय चिलटांवर घ्यावा. एक ते तीन मिलिमीटरचा हा जीव, दिवेलागणीला आणि पहाटे डसतो. खाज उठते ती त्याच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीनं. आइसलँडमध्ये शतकानुशतकं ही चिलटं नव्हती. तिथं जन्मलेली घोडी युरोपात विकली गेली की त्यांतल्या फार मोठ्या संख्येला ही खाज जडते, कारण त्यांच्या शरीरानं ती लाळ लहानपणी ओळखलेलीच नसते. चिलटं उडण्यात फार कमजोर असतात. संध्याकाळी तबेल्यात लावलेल्या साध्या पंख्याच्या वाऱ्यातही त्यांना टिकता येत नाही. नुसतं शेपटीचंच मूळ खाजत असेल तर शेपटी उचलून पाहावी. पोटातला एक जंत रात्री गुदद्वाराशी येऊन चिकट अंडी घालून जातो. आणि मान, आयाळ धरून अंगभर खाज असेल, केस राठ झाले असतील, तर उवा, नाहीतर खरूज. खरारा करताना बोटं केसांच्या मुळाशी घातली की उवा दिसतात. रोजचा खरारा ही अंग चमकवण्याची गोष्ट आहे तशीच ती रोजची तपासणीही आहे.

मामांनी जखमेवर काय काय लावलं होतं? हळद-तेल, मग गाडीचं जळकं ऑइल. ऑइलनं माश्या थोड्या वेळ हटतात, पण कातडी भाजते आणि डोळ्याजवळ तर ते लावूच नये. गोठ्यात शेजारीच म्हशीचं गोचिडाचं औषध होतं. "हेच मारू का घोडीला?" त्यांनी विचारलं. मला घाम फुटला. त्या बाटलीत अमिट्राझ होतं. गाई-म्हशींच्या गोचिडांवर ते चालतं, पण घोड्याची आतडी त्यानं मंदावतात, कधी ठप्प होतात, आणि पोटशुळानं घोडं दगावू शकतं. खाजेवरचं औषध घोड्यासाठीचंच आणि डॉक्टरांना विचारूनच.

बरसातीवर उपाय आला तोही भलत्याच मातीतून. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळून उचललेल्या मातीतल्या जिवाणूपासून एक द्रव्य मिळालं, विल्यम कँबेल यांनी त्याची जंतांवरची ताकद ओळखली आणि १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. घोड्याला ते तोंडावाटे, वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम देतात. जठरातले जंत मरतातच, पण जखमेत अडकलेल्या अळ्याही मरतात. गुरांसाठीचं इंजेक्शन घोड्याला टोचायचं नसतं, त्यानं टोचल्या जागी घातक सूज येऊ शकते. अळ्या मेल्या तरी शरीराचा राग लगेच शमत नाही, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा सूज उतरवणारं औषधही देतात आणि जखम झाकायला सांगतात. डोळ्यावर बारीक जाळीचा मुखवटा बांधला तरी माशीचा रस्ता बंद होतो.

हे सगळं खरं असलं तरी मला विचाराल तर अर्धं औषध लिदीच्या ढिगात आहे. मामांचा ढीग शेडपासून दहा पावलांवर होता. काठीनं वरचा थर उकरला तर पांढरे किडे वळवळत होते. त्यांच्यातल्या प्रत्येकात मामांच्याच घोडीच्या पोटातल्या जंताची लेकरं असू शकत होती. माशी व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे दर आठवड्याला ढीग हलवला तर ती पूर्ण वाढण्याआधीच चक्र तुटतं. शेडमधली लीद रोज उचलायची, ढीग लांब, उंच रचायचा, वर ताडपत्री घट्ट ओढायची. आतली लीद कुजताना इतकी तापते की हात घालवत नाही. त्या उष्णतेत किडे मरतात आणि उसाला चांगलं खत मिळतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. सगळ्या बरसाती एका जातीच्या नसतात. १८८४ मध्ये फ्रेडरिक स्मिथ या फौजी पशुवैद्यानं भारतातल्या अशा काही जखमांत बुरशीसारखे तंतू पाहिले होते. ते अळीचं काम नव्हतं. त्या जिवाला आज पिथियम इन्सिडिओसम म्हणतात. आपल्या भागातल्या हळद आणि आलं पिकवणाऱ्यांना त्याचे भाऊबंद चांगले ठाऊक आहेत, शेतात पाणी साचलं की कंदकूज आणणारं पिथियम ते हेच घराणं. खरं तर ही बुरशी नव्हेच, शेवाळांच्या जवळचा जीव. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात दोन शेपट्यांनी पोहतात आणि घोड्याच्या केसांकडे, जखमेकडे ओढले जातात. जखमेत पोवळ्यासारखे फांदीदार खडे तयार होतात. त्यांना जगभरचे पशुवैद्य आजही 'कंकर' म्हणतात, आपल्याच मातीतला शब्द. ही जखम आठवड्यागणिक पसरते, आयव्हरमेक्टिनला दाद देत नाही, आणि बहुतेक वेळा लवकर कापून काढली तरच घोडं वाचतं. डबक्यात उभ्या राहणाऱ्या, पूर ओसरलेल्या गवतात चरणाऱ्या घोड्याच्या पायाला किंवा पोटाला अशी जखम दिसली तर दिवाळीची वाट पाहायची नाही.

मामांच्या घोडीची जखम अळीचीच निघाली. डॉक्टरांनी एक कणी चिमट्यानं काढून तळहातावर ठेवली होती आणि मामा ती बराच वेळ निरखत बसले. "एवढंसं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकानं ढीग बांधाच्या पलीकडे नेला.

तुळशीची लग्नं झाली आणि वराती सुरू झाल्या. हातकणंगल्यात स्टेशनच्या रस्त्यावर बँजोच्या गजरात ती घोडी मला पुन्हा दिसली. मोत्यांच्या झालरी, पाठीवर घाबरलेला नवरदेव. उजव्या डोळ्याखाली लाल कातडीवर पांढऱ्या केसांचा एक ठिपका उगवला होता, जोंधळ्याच्या कणीपेक्षा थोडा मोठा.