बारा फोटोंचा रोल

१२० क्रमांकाचा रोल कोडॅकनें १९०१ सालीं बाजारांत आणला. तो आजहि मिळतो. सहा सेंटिमीटर चौरस फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांत त्यावर बाराच फोटो निघतात. तरुण मंडळींस ही अडचण वाटते. मला सोय वाटते. बारांतला एक खर्चावयाचा, म्हणून आमच्या वहिनींना खिडकीपाशीं बसवावें, उजेड चेहऱ्यावर येईतों थांबावें! भिंग कितीहि भारी घेतलें तरी हें काम तें करीत नाहीं. आज घरांतील मोबाइलांत वहिनींचे शेंकडों फोटो आहेत, पण हातांत धरून पाहावा असा कागदावर एकहि नाहीं. नव्या भिंगासाठीं हट्ट धरणाऱ्या नातवास मी म्हटलें, "आधीं त्यांतले दहा मोठे छापून आण. तुझ्या थोरल्या आजीला आतां लहान पडद्यावरचें दिसत नाहीं."