फिटर व्हावे की बी.ए.?

बेरोजगारीचा एक आकडा हल्ली वारंवार ऐकायला मिळतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. हा आकडा पुढे करून ‘पदवी घेऊन काय मिळाले?’ असे विचारले जाते. पण ज्याच्या घरात उद्याच्या पिठाची सोय नाही, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल ते काम घेतो. पदवीधर मात्र मनाजोगत्या नोकरीची वाट पाहतो, तोवर आईवडील त्याला सांभाळतात. शिक्षण वाया गेले असा या आकड्याचा अर्थ नव्हे. शिकलेल्यांना साजेशा नोकऱ्या देशात पुरेशा तयार झाल्या नाहीत, असा आहे.

ती वाट पाहण्याची किंमत मात्र मोठी असते. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये गावाकडची हजारो मुले पंचविशी-तिशीपर्यंत बसून असतात. स्पर्धा परीक्षेला अर्ज लाखोंनी, जागा शेकड्यांत. त्यांतल्या अनेकांची पदवी केवळ अर्जावर लिहिण्यापुरती घेतलेली असते.

दुसरीकडे आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. तिथली प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, तरी ‘दहावीला कमी पडलेल्यांची जागा’ हा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आत काय शिकवतात, हे हिणवणाऱ्यांनी बहुधा पाहिलेले नसते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. फिटरची मुले सुरुवातीला व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून दिवस दिवस फाइल मारतात. पृष्ठभाग सपाट हवा, कडा काटकोनात हव्यात. निदेशक त्यावर गुण्या लावून उजेडाकडे धरतात. मधून उजेड दिसला, की जॉब परत हातात. पुढे मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचा. हाताला लागलेली मापाची ही सवय चाकणच्या टूलरूममध्ये उपयोगी पडते आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र लागते, तिथे नुसती बी.ए. चालत नाही. तलाठी व्हायचे तर मात्र पदवीच हवी. म्हणजे दोन्हीकडे बंद दारे आहेत.

तरीही ‘कॉलेज सोडा, हातकाम शिका’ असे सरसकट सांगणे मला पटत नाही. आपल्या गावगाड्यात सुताराच्या मुलाने सुतार आणि लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचे, हे जन्मानेच ठरलेले असे. कित्येकांच्या वाट्याला तर तेवढाही मान नव्हता. त्यातून बाहेर पडण्याची वाट कॉलेजातून गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केले ते याच जाणिवेतून. पुढच्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात कॉलेज काढले आणि ‘कमवा व शिका’ म्हणत श्रम आणि पदवी एकत्र नांदवून दाखवली. ज्या घरात पणजोबांच्या हातातले हत्यार त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते, तिथल्या पहिल्या पदवीधर मुलीचे मोल पगारात मोजता येत नाही. तिला धंदा शिकायचा सल्ला देणाऱ्याने स्वतःची मुले कुठे पाठवली, हेही विचारले पाहिजे.

आयटीआयनंतरचा रस्ताही सरळ नाही. अॅप्रेंटिसशिपच्या १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चांगल्या कारखान्यात हे शिकाऊपण सोन्यासारखे. वाईट ठिकाणी अॅप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हात: वर्षभर लाइनवर एकच काम, मग नवी बॅच. त्यानंतर पर्मनंट होणारे थोडे, बाकीचे कंत्राटी. मुले आयटीआयपेक्षा कॉलेजकडे वळतात ती फक्त प्रतिष्ठेपायी, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

माझे मत असे: ज्याला हाताने काम करायची ओढ आहे, त्याने आधी ट्रेड शिकावा. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. पदवीचा रस्ता त्यामुळे बंद होत नाही, आणि मधल्या काळात कमाईही सुरू होते. पण ज्या मुलीला इतिहास, कायदा, गणित यांची ओढ आहे, तिला ‘लवकर कमावशील’ म्हणून वर्कशॉपमध्ये ढकलणे हे नुकसानच.

पालकांनो, अर्ज भरण्याआधी मुला-मुलीला घेऊन जवळच्या आयटीआयची कार्यशाळा पाहून या. यंत्रे चालू आहेत का, निदेशकांच्या जागा भरलेल्या आहेत का, मागच्या बॅचची मुले कुठे अॅप्रेंटिस म्हणून लागली, हे विचारा. मग कॉलेजातही जा आणि तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे तितक्याच ठामपणे विचारा.