दुष्काळाचे दफ्तर (लेखांक नववा) : रत्तलभर धान्याचा वाद

गेल्या आठवड्यात १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या अहवालाकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु सातारच्या एका वकील वाचकांनी पत्राने विचारलेला प्रश्न इतका मार्मिक आहे, की त्याला डावलून त्या कमिशनचे अध्यक्ष स्ट्रेचीसाहेब यांच्या कचेरीत शिरणे प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात, की कलेक्टरापासून कुलकर्ण्यापर्यंतची अवघी साखळी सरकारच्या दिमतीस असताना, पुण्यात बसलेल्या सार्वजनिक सभेने सरकारी कैफियतींना आव्हान दिले ते कशाच्या बळावर, आणि तसा अधिकार तरी तिला कोणी दिला होता?

अधिकाराचे उत्तर पर्वतीवर सापडते. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली ती दुष्काळासाठी नव्हे. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांची दाद लावण्याच्या खटपटीतून गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. देवस्थानाचा हिशेब मागणाऱ्याला ‘तू कोण?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि त्याचा बंदोबस्त सभेने घटनेतच करून ठेवला : सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा रीतीने सुमारे सहा हजार लोक उभे होते. वर्गणीपूर्वी मुखत्यारी मागणारी दुसरी संस्था मला तरी आठवत नाही, आणि आजकालच्या मदत-समित्यांचे छापील अहवाल चाळताना या एका कलमाची उणीव मला पदोपदी जाणवते.

माहितीचे म्हणाल तर, १८७६ चा पाऊस दगा देऊन गेल्यावर सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपली माणसे धाडली, ठिकठिकाणच्या जाणत्या गृहस्थांकडून पत्रे मागविली, आणि त्यांच्या आधारे दुष्काळाची वृत्ते तयार करून ती एकामागून एक मुंबई सरकारकडे रवाना केली. त्यांमागे न्यायमूर्ती रानड्यांची बुद्धी होती हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या वेळी ते पुण्यातच सरकारी न्यायखात्यात असल्याने पत्रव्यवहार सभेच्या चिटणिसांच्या नावे चाले.

या पत्रव्यवहाराची खरी कसोटी १८७७ च्या जानेवारीत लागली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीसाठी पाठविले, आणि खर्चाला आळा घालण्याच्या त्यांच्या धोरणातून दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक रत्तल (पौंड) धान्य व वर किरकोळ पैसा, असे प्रमाण पुढे आले. याच टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ मुबलक आणवून माणसे जगविली होती, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरी घेतला होता. तेव्हा त्यांचा हा नवा काटकसरीपणा स्वभावापेक्षा त्या ठपक्यानेच घडविला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मजुरांनी यावर जे केले ते अनपेक्षित होते. मजुरी घटली आणि गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले, तेव्हा हजारो माणसे काम टाकून चालती झाली. सरकारपक्षाने याचा अर्थ असा लावला, की ज्यांना अन्नाची खरी निकड नव्हती अशी माणसे कामावर शिरली होती, ती आता आपोआप गळली. म्हणजे कसोटी यशस्वी झाली. सभेने त्याच घटनेचा उलट अर्थ मांडला : दिवसभर माती वाहणाऱ्याचे शरीर एवढ्या अन्नावर तग धरीत नाही, म्हणून उपाशीच राहायचे तर श्रम तरी कशाला, असे म्हणून तो उठला आहे. हजेरीपट दोन्ही पक्षांपुढे एकच होता. तो किती माणसे कमी झाली एवढे सांगे; ती कोठे गेली आणि काय खाऊ लागली, हे सांगायला गावात गेलेला माणूसच लागे, आणि तो सभेजवळ होता.

सभेचे दुसरे शस्त्र मला याहूनही आवडते. किती अन्न पुरेसे, याचे माप तिने आपल्या पदरचे काढले नाही, तर सरकारच्याच तुरुंगातून उचलले. सक्तमजुरीच्या कैद्याला सरकार जेवढे खाऊ घालते, तेवढे निरपराध रयतेला का मिळू नये, या प्रश्नाला कोणत्याही सेक्रेटरीकडे सोयीस्कर जबाब नव्हता. मद्रास इलाख्याचे आरोग्य-अधिकारी डॉक्टर कॉर्निश हे सरकारी नोकर असूनही त्याच सुमारास एका रत्तलाविरुद्ध भांडत होते, आणि तेथे ते प्रमाण पुढे वाढवावे लागले. मुंबई इलाख्यात मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात खुद्द टेंपलसाहेबच गव्हर्नर होऊन आले, आणि ज्यांच्या धोरणाविरुद्ध सभेने एवढी शाई खर्चिली होती, त्यांच्याच सरकारकडे तिला यापुढे अर्ज धाडावे लागले! १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली, आणि सभेने आपले इंग्रजी त्रैमासिक सुरू केले तेही त्याच वर्षी.

स्ट्रेचीसाहेबांचे कमिशन पुढील आठवड्यात घेऊ. आणि सातारकर वकीलसाहेबांना विनंती, की सभेच्या त्या वृत्तांची एखादी जुनी प्रत त्यांच्या बार लायब्ररीत असल्यास मला अवश्य कळवावे.