मक्ता थकला, तहसीलदार काय करणार?

दसऱ्याच्या पुढेमागे सोयाबीन मळून निघते, पोती बाजार समितीत जातात आणि वाशीम, रिसोडकडच्या गावांत मक्त्याचे हिशेब सुरू होतात. मालक नोकरीनिमित्त बाहेरगावी, शेत दुसऱ्याकडे; काही पैसे पेरणीआधी, उरलेले सुगीनंतर, असा बहुधा तोंडी व्यवहार. उरलेले पैसे अडले की मालक गावातली चार माणसे मध्ये घालतो. तहसील कचेरीची पायरी मात्र तो सहसा चढत नाही. वास्तविक थकलेला खंड किंवा सारा वसूल करायला जमीनधारकाला मदत करणे हे महसूल खात्याचे जुनेच काम आहे.

मुंबई इलाख्याच्या 1879च्या जमीन महसूल कायद्यात 86व्या कलमाने ही सोय केली होती. इनामदारासारख्या वरिष्ठ धारकाने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने संक्षिप्त चौकशी करायची आणि येणे खरे ठरले तर सरकारी साऱ्यासाठी वापरायचे तेच उपाय त्याच्यासाठी वापरायचे. वाशीम ज्यात येते ते वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. इथे रयतवारी होती, पण इजारदार आणि जहागीरदारही होते. 15 ऑगस्ट 1967पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाली.

सरकारी थकबाकीसाठी संहितेच्या 176व्या कलमात पायऱ्या दिल्या आहेत: मागणीची नोटीस, भोगवटा सरकारजमा करणे, जंगम मालाची जप्ती व विक्री, मग स्थावराची, शिवाय अटकही. वसुलीला मदत मागणाऱ्या धारकाच्या अर्जावर मुख्य प्रश्न असतो तो पुराव्याचा. जमीन कोणाची, कसतो कोण, ठरले किती, दिले किती? सातबारा, आठ-अ, करारनामा आणि पावत्या पुढे ठेवल्या तर चौकशी संक्षिप्त राहते.

168व्या कलमातली एक गोष्ट कसणाऱ्याने लक्षात ठेवावी. मालकाने सारा थकवला तर तो ताबेदाराकडून वसूल होऊ शकतो. ताबेदार कूळ असेल तर मात्र चालू वर्षाच्या मागणीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भरलेली रक्कम त्याला मालकाच्या हिशेबात वळती करून घेता येते. म्हणजे पावती दोघांच्याही कामाची.

मग लोक कचेरीत का जात नाहीत? याचे उत्तर 1958च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्यात आहे. त्या कायद्याने 1 एप्रिल 1961 रोजी पात्र कुळांना कसत्या जमिनीची मालकी मिळाली. अनेक कास्तकारांसाठी तो दिवस सोन्याचा होता. जमीनमालकांच्या घरांत मात्र त्याचा धसका बसला तो अजून गेलेला नाही. लिहून दिले की कूळ लागेल, या भीतीने मक्ता कागदावर येतच नाही. वसुलीसाठी अर्ज करायचा तर आपले शेत दुसरा कसतो हे मालकाला स्वतःच लिहून द्यावे लागते, आणि नेमके तेच त्याला नको असते.

कसणाराही यात भरडला जातो. पीकविम्यात भाग घ्यायला त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी मक्त्यावर ते दार बंद. तहसीलदाराला थकीत मक्ता वसूल करून द्यायचा अधिकार आहे, पण कागदाशिवाय तो चालवायचा कशावर? शेत देण्याआधी वकिलाला विचारून मुदतीचा करार नोंदवणे आणि प्रत्येक रकमेची पावती करणे, एवढे केले तरी सुगीनंतरची भांडणे निम्म्यावर येतील.